संगणकाची समसमान वाटणी

संगणकाची वाटणी करायला कोर्टात जावं लागत नाही, हीच त्यातली खरी अडचण आहे. नारळाच्या वाडीची वाटणी म्हटली की तलाठी, मोजणीदार, वकील, पंच आणि तारखा असा सगळा लवाजमा लागतो. तो जमेपर्यंत माणसाची हौस फिटते, नाहीतर माणूस तरी संपतो. संगणकाला यातलं काहीच लागत नाही. पडद्यावरची एक दांडी डावी-उजवीकडे सरकवायची आणि ‘पुढे’ दाबायचं. इतकं सोपं वाटणीचं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून तर फसलो.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. नोकरीभर दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्या. आता नागावात कागद मिळत नाहीत, म्हणून माणसांचं लेखापरीक्षण करतो. प्रत्येकाच्या नावाने मनात एक जमेची बाजू, एक खर्चाची. आमच्या सौभाग्यवती भार्गवी म्हणतात, “तुम्ही सगळ्यांचा नुसता खर्चच मांडता.” हे खरं नाही. तिची फणसाची भाजी मी दरसाल जमेला धरतो.

तर झालं असं की गेल्या ऑक्टोबरात आमच्या संगणकाच्या पडद्यावर सूचना आली. या विंडोजची मुदत संपली, आणि नवी आवृत्ती तुमच्या यंत्रावर बसणार नाही. मला निवृत्तीचा आदेश बरोबर ओळखता येतो. भाषा तीच असते. आधी आभार, मग शुभेच्छा, मग खुर्ची रिकामी करा. मला त्या यंत्राविषयी एकदम बंधुभाव वाटला. हातपाय धड आहेत, डोकं चालतंय, आणि म्हणे मुदत संपली! मी ठरवलं, याला दुसरी नोकरी लावून द्यायची. लिनक्स नावाची एक फुकट व्यवस्था असते आणि ती म्हाताऱ्या यंत्रांना सांभाळून घेते, असं वाचनात आलं होतं. विंडोज काढायचंही नाही म्हणे. दोघं एकाच घरात राहतात. सुरू करताना विचारतात, आज कोण?

“माझं नाटक त्यात आहे,” भार्गवी म्हणाली. “त्याला हात लावायचा नाही.”

हे नाटक प्रकरण सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर अडलं. आमच्या आळीत माघी गणपतीचा उत्सव असतो आणि उत्सवात आळीतल्यांनीच केलेलं नाटक असतं. ते नाटक वर्षानुवर्षं माझा चुलतभाऊ हरी निवडतो, आणि योगायोग असा की त्यात नेहमी एक राजा असतो, आणि दुसरा योगायोग असा की तो राजा हरीच असतो. राजा पासष्टीचा, तलवार पुठ्ठ्याची, दाढी दरसाल वेगळ्या बाजूने सुटते. यंदा पहिल्यांदाच समितीने भार्गवीचं स्वतः लिहिलेलं नाटक घ्यायचं कबूल केलं. विषय घरातला: दोन भाऊ, एक वाडी, वाटणी. अट एकच. संक्रांतीच्या आत पूर्ण संहिता समितीच्या हातात. नाहीतर हरीचा राजा पुन्हा गादीवर. दोन अंकांच्या तालमी सुरू झाल्या होत्या. तिसरा अंक संगणकात होता आणि भार्गवी त्याच्यावर शेवटचा हात फिरवत होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

एवढं माहीत असून मी हात लावला. मात्र एकदम नाही लावला. आधी शास्त्रार्थ केला. फोनवर ‘लिनक्स कट्टा’ नावाचा एक गट आहे, त्यात शिरलो. तिथे समजलं की लिनक्स एक नसून शेकडो आहेत आणि प्रत्येकाचा संप्रदाय वेगळा. “उबुंटू की मिंट?” एवढं मी विचारलं, तर जेवणाच्या पंगतीत श्राद्धाचा विषय काढल्यासारखी शांतता पसरली आणि मग जे काही सुरू झालं ते दोन दिवस चाललं. तळा गावचे एक सभासद मात्र सज्जन. कोणाची काहीही तक्रार असो, ते लिहायचे, “माझ्याकडे चालतंय.” याहून निरुपयोगी आणि याहून खरं वाक्य मी दप्तरातसुद्धा वाचलेलं नाही. शेवटी ऐरोलीत नोकरी करणाऱ्या सलिल नावाच्या सभासदाने मला एकट्याला निरोप पाठवला: “काका, मिंट टाका आणि गटातून बाहेर पडा.” मी पहिलं केलं.

आता वाटणीचा दिवस. भार्गवी तालमीला गेली होती. आणि हरी, जो दरसाल या वेळी तिथे असायचा, तो तोंडात सुपारी ठेवून माझ्या खुर्चीमागे उभा होता. दोन अंकांत त्याला काम नव्हतं, फक्त नाराजी होती.

हरीला वाटण्यांचा दांडगा अनुभव आहे. चार पिढ्यांचे खटले त्याला तोंडपाठ. आमच्या दोघांच्या वाड्यांमधल्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, तोच माझ्याविरुद्ध अलिबागच्या कोर्टात गेला होता, आणि जाताना माझ्याच स्कूटरवर बसून गेला होता. पडद्यावर प्रश्न आला, लिनक्सला किती जागा द्यायची? सलिलने सांगितलं होतं, थोडीशी पुरते.

“थोडीशी?” हरी म्हणाला. “दत्ता, अरे वेड लागलंय का? एकाला थोडी, एकाला जास्त, असं केलंस की तंटा आलाच. समसमान कर.”

“हरी, ही माणसं नाहीत.”

“म्हणून तर. माणसं निदान ऐकून घेतात.”

यात काय चुकीचं आहे ते मला त्या क्षणी सांगता येईना. सांगता न येणाऱ्या गोष्टीपुढे मान तुकवायची ही लेखा विभागाची शिस्त. दांडी बरोबर मधोमध आणली. हरीने चष्मा पुसून खात्री केली. डावी बाजू विंडोजला, थोरला म्हणून. उजवी धाकट्याला.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण यादीत सगळ्यात वर एक चिंचोळी पट्टी दिसत होती. अगदी छोटी. तिला नाव नव्हतं.

“ही कोणाची?” हरीने विचारलं. त्याच्या आवाजात मला कोर्टाची पायरी ऐकू आली.

“माहीत नाही. आधीपासून आहे.”

“बेवारस?” हरीने खुर्ची ओढून घेतली. “दत्ता, बेवारस पट्टी कधी ठेवू नये. आपल्या गडग्याचं काय झालं? हातभर पट्टी, कोणाच्याच नावावर नव्हती. आज ती माझी आहे.”

“माझी आहे.”

“तेच म्हणतो. तिला आत्ताच कोणाच्या तरी नावावर लाव. विंडोजला अर्धं मिळालंय, मोठेपण मिळालंय. पट्टी धाकट्याला दे. आशीर्वाद देईल.”

मी ती पट्टी साफ करून लिनक्सच्या नावावर लावली. यंत्राने एकदा विचारलं, नक्की ना? नंतर मला कळलं की त्या पट्टीवर, वाडीतल्या येण्याजाण्याच्या वाटेसारखी, विंडोजच्या घरात शिरायची वाट होती. ती नांगरून मी तिच्यावर लिनक्सला झोपवलं होतं. पुढे कोणी म्हणालं, हरीने कपट केलं. मी त्याच्या खात्याची कसून तपासणी केली. कपट नव्हतं. या माणसाने आयुष्यभर इतक्या प्रामाणिकपणे वाईट सल्ले दिलेत की कपटाला जागाच उरलेली नाही.

लिनक्स मात्र छान सुरू झालं. हिरवंगार चित्र, स्वच्छ अंगण. मी आणि हरीने चहा घेतला. भार्गवी आली, खुर्चीवर बसली, म्हणाली, “माझं नाटक कुठेय?”

विंडोज कुठेच नव्हतं. लिनक्सच्या अंगणातून त्याची खोली दिसत होती, पण दाराला कुलूप, आणि आत काय आहे ते दिसेना. सलिलने फोनवर सांगितल्याप्रमाणे पेन ड्राइव्ह लावून दार दुरुस्त करायला गेलो तर निळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं की हे सामान सुरक्षिततेसाठी कुलूपबंद आहे, कृपया अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी टाका. मी कुलूप घातल्याचं मला आठवत नव्हतं. भार्गवीलाही आठवत नव्हतं. हरी म्हणाला, “मी निघतो, तुम्ही जरा शांतपणे बघा,” आणि जाताना मला वाटतं त्याने हनुवटीला हात लावून दाढी कुठे चिकटते ते पाहिलं.

मी गटावर सगळी हकीकत टाकली. एकाएकी मिंटवाले आणि उबुंटूवाले एक झाले आणि सगळ्यांनी एकच विचारलं, “बॅकअप घेतला होता का?” आजाऱ्याला भेटायला येणारे नातेवाईक विचारतात ना, आधी कोणाला दाखवलं होतं? अगदी तोच सूर. उत्तर कोणालाच नको असतं. आपल्याकडे असं होणार नाही एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं. तळ्याचे सभासद म्हणाले, “माझ्याकडे चालतंय.”

मदतकेंद्राला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलत होती.

“सर, चावी तुमच्या खात्यात सेव्ह आहे.”

“कोणत्या खात्यात?”

“ज्या खात्याने मशिन पहिल्यांदा सुरू केलं त्या, सर.”

“ते कोणाचं?”

“सुरक्षिततेच्या कारणासाठी ते आम्ही सांगू शकत नाही, सर. अजून काही मदत करू?”

अडतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, पण शेवटचं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. त्या मुलीच्या जमेला धरलं.

शेवटी भार्गवीनेच पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत खात्याचं अर्धमुर्धं नाव शोधलं. सुरुवातीला ‘प्राप्ती’, पुढे नुसत्या फुल्या. तेव्हा उजेड पडला. यंत्र आम्ही अलिबागला प्राप्ती कॉम्प्युटर्समधून घेतलं होतं. त्या दुकानदाराने, आम्हाला त्रास नको म्हणून, खातंही आपल्याच दुकानाच्या नावाने उघडून दिलं होतं. सगळ्याच गिऱ्हाइकांना तो असा त्रास वाचवत असे. आणि मी, लेखापरीक्षक, सही करून पेढा खाऊन घरी आलो होतो.

“मी पण येते,” भार्गवी म्हणाली. “तुम्ही एकटे गेलात तर आणखी कशाची तरी वाटणी करून याल.”

आम्ही गेलो तर वाटणी आमच्याआधीच होऊन बसलेली. दुकान दोन भावांचं, जीवन आणि प्रणय म्हात्रे. मधोमध उंच प्लायवूड ठोकलेलं. पाटीसुद्धा करवतीने कापलेली. डावीकडे जीवन, त्याच्या वाट्याला ‘प्राप्ती’ आली, तो कॅमेरे विकतो. उजवीकडे प्रणय, त्याला ‘कॉम्प्युटर्स’ मिळालं, तो फोनची कव्हरं विकतो. पंखा बरोबर प्लायवूडच्या डोक्यावर, वारा दोघांना, बटण जीवनकडे. आणि बाहेरच्या सामाईक पायरीवर त्यांची आई ठमाबाई वालाच्या शेंगा सोलत बसलेली, कारण आईची वाटणी झाली नव्हती.

“खातं?” जीवन म्हणाला. “हाय ना काका, खातं हाय. सगळ्या गिऱ्हाइकांच्या चाव्या त्यातच हायत. पण पासवर्ड अर्धा.”

“अर्धा म्हणजे?”

“अर्धा माझ्याकडं. अर्धा पलीकडं.”

पलीकडे हे नाव त्याने प्लायवूडकडे मान करून उच्चारलं. पलीकडून आवाज आला, “अर्धा कसला! सांग ना पुढं, कोणी दिला नाही ते!”

“कोणीतरी बोलतंय वाटतं,” जीवन मला म्हणाला.

ठमाबाईने शेंग सोलत खुलासा केला. “वाटनी झाली तवा सगला दोघांना अर्दा-अर्दा दिला, सायेब. खातं तोरता येईना. मंग पासवर्ड तोरला. एकाला म्होरचा, एकाला मागचा. एकानं उघरला तर दुसऱ्याला कल्ला पायजे.”

“चांगलं आहे,” मी म्हणालो. भार्गवीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य मागे घेतलं.

आता अडचण साधी होती. दोघांनी एका यंत्रासमोर यायचं. जीवन म्हणाला, मी थोरला, त्याने यावं. प्रणय म्हणाला, थोरल्याने आधी मोठेपणा दाखवावा. जीवनच्या यंत्रावर प्रणय बसणार नाही, प्रणयच्या यंत्राला जीवन शिवणार नाही. शेवटी भार्गवीने शेजारच्या झेरॉक्सवाल्या कल्पिताचा लॅपटॉप मागून आणला आणि सामाईक पायरीवर, ठमाबाईच्या शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला. दोघे भाऊ दोन दारांतून एकदम बाहेर आले. एकदम, कारण आधी कोण आलं याची नोंद व्हायला नको.

जीवन बसला. “सगळ्यांनी तोंड फिरवा.” आम्ही फिरवलं. ठमाबाईनेही फिरवलं. त्याने आपला अर्धा टाकला आणि उठला. प्रणय बसला. पुन्हा तोंडं फिरली. त्याने टाकलं, ‘पुढे’ दाबलं. यंत्र म्हणालं, पासवर्ड चुकीचा आहे. अजून एकदा चुकलात तर खातं बंद होईल.

आणि मग बांध फुटला. इतकी वर्षं प्लायवूडच्या पलीकडे साचलेलं सगळं अलिबागच्या भर बाजारात वाहायला लागलं.

“तू मुद्दाम चुकीचं टाकलंस!”

“मी? तू पंख्याचं बटण मे महिन्यात बंद ठेवतोस ते काय आहे?”

“बिल कोण भरतं?”

“माझ्या साखरपुड्याला फोटोत कोण आलं नाही?”

“बोलावलं कोणी?”

“पत्रिकेत नाव पहिलं होतं तुझं!”

“छापलं होतं. दिली कोणी?”

गर्दी जमली. मी मधे पडायला निघालो, तेवढ्यात पाहिलं तर भार्गवी प्रणयच्या दुकानातल्या एका कव्हराच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्याच्या पाठीवर भराभर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं तक्रार लिहीत असेल, माझ्याविरुद्ध.

“माझे सहा मी बरोबर टाकले,” प्रणय ओरडला. “सहा तुझे, सहा माझे. तूच सात ठिपके टाकून गेलास! एक माझ्या हद्दीत आला होता. तो मी पुसला आणि मग माझे टाकले!”

जीवनने बोटांवर आपली अक्षरं मोजली. त्याने आईकडे पाहिलं. ठमाबाई सुपातल्या शेंगांकडे पाहत होती.

“आये,” प्रणय म्हणाला, “पासवर्ड किती अक्षरांचा हाय?”

“तेरा.”

“तेराचे दोन भाग कसे झाले?”

“थोरल्याला येक जास्त दिला.” ठमाबाईने सूप बाजूला ठेवलं. “थोरल्याचा मान अस्तो. मना सांग, तेरा अक्षरं कशी फारू? येक अक्षर उभं चिरू?”

“म्हंजी इतकी वर्षं मला एक अक्षर कमी!” प्रणयने कपाळावर हात मारला. “आये, एक अक्षर!”

“तुला त्या दिवालीला शर्ट दिला न्हाय काय?”

“शर्ट यालापण दिला व्हता!”

“त्याचा बारीक व्हता,” ठमाबाई म्हणाली.

प्रणयने हात आवरले. आपल्यावरचा अन्याय दूर झाल्याशिवाय तो आपली सहा अक्षरं कोणालाही देणार नव्हता. संक्रांत परवावर, भार्गवीचा अंक कुलपात, आणि माझी अब्रू त्या सुपाशेजारी सालीसकट पडलेली. शेवटी मी आयुष्यातला एकमेव उपयोगी ठराव मांडला. खातं एकदा उघडलं की लगेच पासवर्ड बदलायचा, आणि प्रणयच्या भागात एक अक्षर वाढवायचं. चौदा. सात-सात.

“आधी लिहून द्या,” प्रणय म्हणाला. मी लिहून दिलं, सही केली, हुद्दा घातला, कंसात निवृत्त.

खातं उघडलं. अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी मी उतरून घेतली, भार्गवीने ती तपासली, आणि मग पुन्हा तपासली, कारण पहिल्यांदा मी उतरवली होती. प्रणयने आपल्या शेवटी एक उद्गारचिन्ह वाढवून घेतलं आणि छाती पुढे काढून दुकानात गेला. पंखा बंद होता.

घरी येऊन सलिलच्या फोनच्या आधाराने चावी लावली, वाट नव्याने आखली, विंडोज उठलं. मी देवापुढे साखर ठेवली. भार्गवीने तिसरा अंक उघडला. मी मागे उभा राहिलो, विजयी सेनापतीसारखा. निदान मला तसं वाटत होतं.

ती मोठ्याने वाचायला लागली. तिच्या तिसऱ्या अंकात दोन्ही भाऊ माडाखाली येतात, एकमेकांकडे पाहतात, हातातली मोजणीची दोरी गळून पडते, आणि मिठी मारून म्हणतात, “दादा, आपली वाडी एकच!”

भार्गवी थांबली. पुन्हा ती ओळ वाचली, या वेळी मनात. तोंड असं केलं, जणू नासलेलं दूध चाखलंय.

“अहो, असं कोण बोलतं?”

आणि तिने ती फाइल पुसून टाकली. नुसती पुसली नाही, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढली. मी ‘अगं’ म्हणेपर्यंत सगळं झालं होतं. ज्या कागदासाठी मी अब्रूचं दिवाळं काढलं, तो तिने स्वतःच्या बोटाने, अर्धा कप चहा पिता पिता संपवला.

“घाबरू नका,” ती म्हणाली आणि पर्समधून तो खोक्याचा पुठ्ठा काढला. “अंक हा आहे. बोलले ते म्हात्रे भाऊच. मी फक्त पासवर्डाच्या जागी माड घातलेत.”

विंडोज तोवर ‘अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका’ म्हणत ध्यानस्थ झालं होतं. तिने यंत्राचं बटण दाबून धरलं, पुन्हा सुरू केलं, यादीतून लिनक्स निवडलं आणि टाइप करायला बसली. दुसऱ्या दिवशी, भोगीला, संहिता समितीच्या हातात होती. राजा गेला म्हणून रुसलेल्या हरीची समजूत काढायला समितीने थोरल्या भावाचं काम आधीच्याकडून काढून त्याला दिलं.

हरीने वाचून विचारलं, “वहिनी, हा थोरला जरा मूर्ख दाखवलाय का?”

“तुम्हाला जमेल,” भार्गवी म्हणाली.

मलाही काम होतं. तिसऱ्या अंकात एक निवृत्त गृहस्थ येतात, कोणी विचारलेलं नसताना मोजणीची दोरी हातात घेतात आणि तिच्यात अडकून पडतात. संवाद नाही. भार्गवी म्हणाली, “संवाद दिला तर बिघडवाल.”

उत्सवाच्या दिवशी मंडप भरला. म्हात्रे भाऊ दोन्ही आले होते. एक मंडपाच्या या टोकाला, एक त्या टोकाला, आणि बरोबर मधे ठमाबाई. रंगमंचावर आई म्हणाली की तेरा माडांतला एक जास्तीचा मी थोरल्याला दिला, आणि धाकट्याने “आई, एक माड!” म्हणून हंबरडा फोडला, तेव्हा मंडप हसून लोळला. पहिल्या रांगेतून ठमाबाईचा आवाज आला, “अस्साच झाला व्हता!” नाटक तीन मिनिटं थांबलं. हरीला पुढची ओळ आठवेना, आणि ते अभिनय समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पडदा पडल्यावर मी विंगेत अंगाला गुंडाळलेली दोरी सोडवत होतो. जीवन मागच्या दाराने आला. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, “काका, एक सांगा. नाटकात ज्याचं बरोबर होतं, तो मी ना?”

“तूच,” मी म्हणालो.

तो खूश होऊन गेला. दोरीचा एक वेढा सुटला नाही तोच दुसऱ्या बाजूने प्रणय आला. त्यानेही इकडेतिकडे पाहिलं.

“काका, तो बरोबरवाला मीच ना?”

माझ्या अंगाला मोजणीची दोरी होती, डोक्यावर कोणीतरी फेकलेली झेंडूची माळ होती, आणि आळीतली पोरं मला आता जन्मभर ‘दोरीकाका’ म्हणणार होती.

“अर्थात,” मी म्हणालो. “सगळ्यांना दिसतंय की.”